वंगण तेलांची मिश्रणीयता : बीड जिल्ह्यातील इतिहास

भिन्न श्यानतेची (दाटपणाची), भिन्न घटकांची किंवा भिन्न उत्पादकांची वंगण तेले एकाच यंत्रात एकत्र आली असता ती परस्परांत मिसळून एकजीव राहण्याच्या गुणधर्मास मिश्रणीयता म्हणतात. मिसळल्यानंतर प्रत्येक तेलातील समावेशके (गुणवृद्धीसाठी घातलेली रासायनिक द्रव्ये) एकमेकांचे कार्य न बिघडविता टिकून राहतात की नाही, हा निराळा प्रश्न असून त्यास सुसंगतता अशी संज्ञा आहे. दोन तेले डोळ्यांना एकजीव दिसत असूनही परस्परांशी विसंगत असू शकतात. मोटारगाडी, ट्रॅक्टर वा पंपाचे एंजिन चालविणाऱ्यास एका तेलात दुसरे तेल घातले तर चालेल काय, असा जो प्रश्न पडतो, त्यात या दोन्ही बाबी गुंतलेल्या असतात. गेल्या सु. शंभर वर्षांत तेलांची घडण बदलली, तशीच ती ज्या यंत्रांत वापरतात त्यांचीही बदलली. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तरही वेळोवेळी बदलत गेले. एका काळी योग्य असलेला नियम पुढील काळातही तसाच पाळला गेल्याने मात्र अनेक गैरसमज रूढ झाले.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात हा बदल विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. बालाघाटच्या डोंगररांगेने दुभागलेल्या या जिल्ह्यात निजामी राजवटीत रेल्वे आली ती केवळ पूर्वेकडील परळी वैजनाथपर्यंत. बीड या जिल्ह्याच्या ठिकाणी ती पोहोचण्यास २०२५ साल उजाडावे लागले. अहिल्यानगर–बीड–परळी या लोहमार्गाचा आष्टीपर्यंतचा टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला होता. तोपर्यंत जिल्ह्यातील बहुतेक भागाची माणसे व माल यांची ने-आण रस्त्यावरूनच होत असे. प्रथम बैलगाडीने व नंतर मोटारीने. येथील दळणवळणाचा इतिहास हा म्हणूनच काही अंशी वंगणाचाही इतिहास आहे.

गाडीचे वंगण : यंत्रयुगापूर्वी वंगण हा शब्द मुख्यतः बैलगाडीच्या आसास लावावयाच्या स्निग्ध द्रव्यास उद्देशून वापरला जाई. एरंडेल, करंजेल यांसारख्या तेलात राख किंवा काजळी कालवून ते तयार करीत. चिंधीने तुंब्यात भरण्यासाठी ते बांबूच्या नळ्यात घालून गाडीलाच टांगून ठेवीत. या वंगणात कोणतेही तेल कोणत्याही तेलात मिसळलेले चालत असे. आस सावकाश फिरतो, फारसा तापत नाही आणि वंगण थोड्याच दिवसांत झिजून वा गळून जाऊन नवे भरले जाते. बिघाड होण्याइतका काळ मिश्रण तेथे राहतच नाही. तेल कोणते यापेक्षा तेल आहे की नाही, याला गाडीवानाच्या लेखी महत्त्व होते. हाच दृष्टिकोन पुढे मोटारीकडेही आला.

एरंडेल व खनिज तेल : मिश्रणाचा पहिला खरा प्रश्न एरंडेलामुळे निर्माण झाला. हैदराबाद संस्थान एरंडीच्या उत्पादनात भारतात अग्रेसर होते. हे पीक प्रामुख्याने तेलंगणात होत असले, तरी मराठवाड्यातही शेताच्या कडेने एरंडी लावीत असत. एरंडेलाची श्यानता इतर वनस्पतिज तेलांहून पुष्कळच अधिक असून तापलेल्या धातूवर त्याचा पापुद्रा चांगला टिकतो. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) विमानांच्या परिभ्रमी एंजिनांत पेट्रोलची वाफ भुजादंडाच्या कोठीतून जात असे. पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे तेल म्हणून तेथे एरंडेलच वापरीत. इंग्लंडमधील चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आणलेल्या कॅस्ट्रॉल या तेलाचे नावही एरंडेलाच्या कॅस्टर या इंग्रजी नावावरून पडलेले आहे.

एरंडेलाच्या ज्या गुणाचा विमानांत उपयोग झाला, तोच मोटारीत अडचणीचा ठरला. एरंडेलातील मेदाम्लांत सु. ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक अम्लाचा असतो. या अम्लाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे एरंडेल अल्कोहॉलमध्ये विरघळते, पण खनिज तेलात फारच मर्यादित प्रमाणात मिसळते. दोन्ही तेले एकत्र केल्यास थंड झाल्यावर त्यांचे थर वेगळे पडतात. शिवाय उष्णतेने एरंडेलाचा राळेसारखा चिकट लेप बनतो. सिलिंडरात खनिज तेल असताना एरंडेल घालू नये आणि एरंडेल असताना खनिज तेल घालू नये, हा नियम त्यामुळे रास्त होता. तेले मिसळू नयेत या समजुतीचे एक मूळ येथे सापडते. ती दोन भिन्न जातींच्या तेलांविषयीची होती. पुढे सर्व एंजिन तेले खनिज झाल्यावरही ती सरसकट लागू करण्यात आली.

मोटारवाहतुकीचा आरंभ : हैदराबाद संस्थानात निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ मध्ये रस्तावाहतुकीचे खाते २७ गाड्यांनिशी सुरू केले. त्यात ॲल्बियन या ब्रिटिश बनावटीच्या गाड्या होत्या. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. मराठवाड्यातील सरकारी प्रवासी वाहतूक १९६१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आली.

या आरंभीच्या गाड्यांतील तेल साधे, म्हणजे समावेशके नसलेले, खनिज तेल होते. अशा दोन तेलांत भेद असे तो मुख्यतः श्यानतेचा. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स (एसएई) या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९११ मध्ये श्यानतेनुसार तेलांचे क्रमांक ठरविले. आजच्या प्रमाणानुसार १००° से. तापमानास एसएई ३० तेलाची श्यानता ९·३ ते १२·५, एसएई ४० ची १२·५ ते १६·३ आणि एसएई ५० ची १६·३ ते २१·९ चौ. मिमी. प्रतिसेकंद असावी लागते. साध्या खनिज तेलांच्या बाबतीत मिश्रणाचा हिशेब सोपा असतो. उदा., ११ श्यानतेचे एसएई ३० व १९ श्यानतेचे एसएई ५० समप्रमाणात मिसळल्यास मिश्रणाची श्यानता सु. १४ भरते, म्हणजे ते एसएई ४० मध्ये मोडते. ती १५ या सरासरीहून थोडी कमी येते, कारण मिश्रणात पातळ तेलाचा प्रभाव अधिक पडतो. उन्हाळ्यात जाड व हिवाळ्यात पातळ तेल वापरण्याची आणि मधल्या दिवसांत दोन्ही मिसळण्याची त्या काळातील पद्धत तंत्रदृष्ट्या सदोष नव्हती.

प्रक्षालक तेले : १९३० नंतर डीझेल एंजिनांचा प्रसार झाला. अमेरिकेत कॅटरपिलर ट्रॅक्टरांच्या डीझेल एंजिनांत काजळी व राळ साचून दट्ट्याच्या कड्या खाचेत चिकटून बसू लागल्या. त्यावर उपाय म्हणून धातूंच्या साबणांसारखी प्रक्षालक द्रव्ये तेलात घालण्यात आली. पुढील दशकात झीज व ऑक्सिडीभवन रोखणारी जस्त व फॉस्फरस यांची संयुगेही प्रचारात आली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने १९४७ मध्ये तेलांचे साधे, उत्तम व जड कामाचे असे तीन वर्ग केले. सु. १९७० पासून पेट्रोल एंजिनांसाठी एस व डीझेल एंजिनांसाठी सी या अक्षरांनी आरंभ होणारी श्रेणी रूढ झाली.

याच काळात मिश्रणाविषयीचा दुसरा मोठा गैरसमज उत्पन्न झाला. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या एंजिनात गाळाचे थर साचलेले असत. त्यात प्रक्षालक तेल घातले की ते थर सुटत, तेलाच्या वाटा व गाळणी तुंबत आणि धारवे तेलावाचून जळत. दोन तेले एकमेकांना लागल्यामुळे एंजिन बसले, असा निष्कर्ष मिस्त्री काढीत. प्रत्यक्षात तेले विसंगत नसत. नव्या तेलाने जुनी घाण मोकळी केलेली असे. अशा एंजिनात तेल बदलल्यावर थोडे अंतर चालवून ते पुन्हा काढून टाकणे व गाळणी बदलणे हा त्यावरील उपाय होता. नियमितपणे एकाच प्रतीचे तेल भरणाऱ्या मोठ्या आगारांपेक्षा एकट्या मालमोटारीच्या मालकास हा अनुभव अधिक येण्यासारखा होता. पिंपातून मापाने मिळणारे सुटे तेल तो वाटेत जेथे गाठ पडेल तेथे घेत असे व त्याची प्रत त्याला ठाऊक नसे.

विहिरीवरील एंजिने : गावोगावी वीज पोहोचण्यापूर्वी मोटेची जागा डीझेलवर चालणाऱ्या पंपाने घेतली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात व पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने अशी एंजिने तयार केली. जुन्या मंदगती एंजिनांच्या काही भागांस तेल थेंबाथेंबाने सोडले जाई व ते पुन्हा वापरात येत नसे. तेथे बैलगाडीचाच न्याय लागू होता. तेल एंजिनातच खेळविणाऱ्या शीघ्रगती एंजिनांत मात्र तेच तेल शेकडो तास राहते, तापते व काजळी धारण करते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन व्यवस्थांतील फरक लक्षात न घेतल्याने जुन्या एंजिनावर खपलेली सवय नव्या एंजिनास बाधक ठरली.

भारतीय उत्पादन व प्रमाणीकरण : स्वातंत्र्यानंतरही काही काळ भारतातील वंगण तेलाचा व्यापार प्रामुख्याने बर्मा-शेल, स्टँडर्ड व्हॅक्यूम यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. ट्रॉम्बे येथे १९५४ व १९५५ मध्ये या दोन कंपन्यांचे तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे तेथेच वंगणाच्या मूळ तेलाचे उत्पादन होऊ लागले. इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने १९७२ मध्ये सर्वो या नावाने आपली तेले आणली. १९७४ ते १९७६ या काळात परदेशी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही महामंडळे उदयास आली. १९९० नंतरच्या उदारीकरणात अनेक देशी-विदेशी कंपन्यांची तेले बाजारात आली व तालुक्याच्या दुकानातही एका फळीवर अनेक नावांचे डबे दिसू लागले. भिन्न नावांची तेले मिसळावीत काय, हा प्रश्न त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक वेळा उपस्थित होऊ लागला.

याचे उत्तर प्रमाणीकरणाने बऱ्याच अंशी दिलेले आहे. एंजिन तेलास मान्यता देताना ते ठरावीक संदर्भ तेलांत मिसळून, थंड व गरम करून, मिश्रण वेगळे पडते काय किंवा त्याच्या स्वरूपात बदल होतो काय हे पाहतात. परिणामी प्रमाणित एंजिन तेले उत्पादक भिन्न असले तरी एकमेकांत मिसळतात. खनिज व बहुसंख्य संश्लिष्ट एंजिन तेलांसही हे लागू आहे; पॉलिआल्फाओलेफिन या संश्लिष्ट मूळ तेलापासून बनविलेली तेले खनिज तेलात उत्तम मिसळतात. पॉलिअल्किलीन ग्लायकॉल या वर्गातील बरीच तेले मात्र खनिज तेलात मिसळत नाहीत. ती मुख्यतः काही संपीडकांत व दंतचक्रपेट्यांत वापरतात. या परीक्षेत मिश्रणाची एंजिनातील कामगिरी तपासली जात नाही, ही तिची मर्यादा होय. दोन उत्पादकांनी समावेशकांचा समतोल निरनिराळ्या रीतीने साधलेला असतो व मिश्रणात तो ढळतो. म्हणून मिश्रणाची प्रत त्यातील कनिष्ठ तेलाइतकी धरून चालणे हितावह ठरते.

एंजिन तेल व अन्य तेले : खरा धोका भिन्न कामांसाठी बनविलेली तेले एकत्र करण्यात आहे. परळी येथे १९७१ मध्ये औष्णिक विद्युत् निर्मिती सुरू झाली. अशा केंद्रातील टरबाइनाच्या तेलाने पाण्यापासून चटकन वेगळे व्हावे अशी अपेक्षा असते. एंजिन तेलातील प्रक्षालके मात्र पाणी व घाण तेलातच धरून ठेवतात. टरबाइन तेलात थोडेसे एंजिन तेल गेले तरी पायस (दुधाळ मिश्रण) तयार होऊन तेल निकामी होऊ शकते. तसेच अल्कधर्मी समावेशके असलेले तेल अम्लधर्मी गंजरोधक असलेल्या तेलात मिसळल्यास साबणासारखा साका बनून गाळणी तुंबते. दंतचक्रांच्या तेलातील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये उच्च दाबाखाली उपयुक्त असली, तरी एंजिनातील तांबे मिश्रित धारव्यांस ती अपायकारक ठरू शकतात.

ग्रीजच्या बाबतीतही असेच घडते. सोडियम साबणाचे किंवा बेंटोनाइट मातीचे ग्रीज लिथियम साबणाच्या ग्रीजमध्ये मिसळल्यास मिश्रण पातळ होऊन धारव्यातून वाहून जाते. उसाच्या वाहतुकीसाठी रबरी धावांची टायरगाडी आल्यावर बैलगाडीच्या आसाची जागा गोळ्यांच्या धारव्याने घेतली. ज्या गाडीस कोणतेही वंगण चालत असे, तिलाही अशा रीतीने हा नियम लागू झाला.

दुचाकी वाहने : लूना, राजदूत, चेतक इ. द्विआघाती एंजिनांच्या दुचाकींत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. हे तेल इंधनाबरोबर जळून जाणारे असल्याने त्यात राख निर्माण करणारी द्रव्ये कमी असतात. त्याऐवजी मोटारीचे एंजिन तेल वापरल्यास ठिणगी-गुडदीवर व धूरमार्गात राख साचे. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० ही चतुराघाती मोटारसायकल आली व पुढे याच प्रकाराचे प्राबल्य झाले. तेल मिसळण्याची सवय त्यामुळे मोडली, पण नवा प्रश्न उद्‌भवला. अशा बहुसंख्य मोटारसायकलींत एंजिन, दंतचक्रे व क्लच यांना एकच तेल लागते. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती मिसळल्यास क्लच घसरतो. यासाठी जपानमध्ये १९९८ मध्ये जासो एमए ही स्वतंत्र श्रेणी ठरविण्यात आली. तशी खूण भारतातील मोटारसायकल तेलांच्या डब्यांवरही आढळते.

ऊसवाहतूक व ट्रॅक्टर : बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. कामगारांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते व ती तोडलेल्या उसाच्या वजनावर फेडावयाची असते. वाहतूकही टनावारी असते. ट्रॅक्टर एका फडात बंद पडला, तर ऊस तोडलेल्या अवस्थेत वाळतो, टोळीचे दिवस बुडतात आणि उचल तशीच राहते. गळीत हंगामात रात्रंदिवस धावणाऱ्या, नेहमीच्या मिस्त्रीपासून दूर असलेल्या या ट्रॅक्टरांत तेल कमी पडल्यास हाताशी असेल ते तेल घालण्याचा प्रसंग येतो.

अशा वेळी तेल कमी ठेवून एंजिन चालविणे हे भिन्न तेल मिसळण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते. त्याच श्रेणीचे परंतु दुसऱ्या उत्पादकाचे एंजिन तेल घातल्याने सहसा हानी होत नाही. १५डब्ल्यू-४० या बहुश्रेणी तेलात एसएई ४० हे एकश्रेणी तेल घातल्यास थंडीत एंजिन सुरू होण्याचा गुण थोडा घटतो. पण बीडसारख्या उष्ण प्रदेशात त्याची बाधा क्वचितच जाणवते. मात्र एंजिनात दंतचक्रांचे किंवा उच्चालकाचे तेल घालणे टाळावे लागते. अनेक ट्रॅक्टरांत दंतचक्रपेटी, उच्चालक व तेलात बुडालेले गतिरोधक एकाच खास तेलावर चालतात. त्यात साधे दंतचक्र तेल मिसळल्यास गतिरोधक आवाज करू लागतात किंवा घसरतात. उचलून रिकामी होणारी ट्रॉली वेगवेगळ्या ट्रॅक्टरांस जोडल्यास तिच्या जॅकमधील तेल एका ट्रॅक्टरातून दुसऱ्यात जाते. मालकाने काहीही न मिसळता येथे मिश्रण घडून येते.

नवी उत्सर्जन मानके : १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली व नव्या डीझेल वाहनांच्या धूरमार्गात काजळी अडविणारी गाळणी आली. जुन्या तेलांतील धातुयुक्त समावेशके जळून उरणारी राख या गाळणीत कायमची अडकते. अशा वाहनांस कमी राखेची तेले लागतात. एपीआयची सीके-४ ही २०१६ मध्ये आलेली श्रेणी या गरजेस अनुसरून आहे. जुन्या मालमोटारीसाठी आणलेले तेल नव्या वाहनात घातल्यास ते उत्तम मिसळते, एंजिनही सुरळीत चालते. परंतु गाळणीचे आयुष्य कमी होते. मिश्रणीयता असूनही मिश्रण अयोग्य ठरण्याचे हे ठळक उदाहरण होय.

जळके तेल : एंजिनातून काढलेले काळे तेल ग्रामीण भागात नांगर, कुळव इ. अवजारांना गंज चढू नये म्हणून लावतात. असे तेल निवळून नव्या डब्यांत भरून विकण्याचे प्रकारही घडतात. त्यात अम्ले, इंधन, पाणी व झिजलेल्या धातूंचे कण असतात आणि समावेशके संपलेली असतात. चांगल्या तेलात असे तेल मिसळणे हे सर्वांत घातक मिश्रण होय. शास्त्रीय पद्धतीने पुनःशुद्ध केलेले मूळ तेल मात्र पुन्हा वंगणासाठी वापरता येते. जळके तेल घातक अपशिष्टात मोडते. ते गोळा होऊन पुनःशुद्ध व्हावे ही जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून नियमांनुसार उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

व्यावहारिक नियम : या इतिहासाचा इत्यर्थ असा की, एरंडेलाच्या काळातील निषेध किंवा बैलगाडीच्या काळातील सढळपणा यांपैकी एकही आज जसाच्या तसा लागू पडत नाही. तेल निवडताना उत्पादकाच्या नावापेक्षा डब्यावरील श्यानता क्रमांक व सेवाश्रेणी यांना अधिक महत्त्व असते. ती वाहनाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे असावीत. निकडीच्या वेळी समान किंवा वरच्या श्रेणीचे एंजिन तेल पातळी भरून काढण्यापुरते घालावे. त्याहून कनिष्ठ तेल घालावे लागल्यास पुढील ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता सर्व तेल व गाळणी बदलावी. एंजिन, दंतचक्रपेटी, उच्चालक व गतिरोधक यांची तेले एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मोहोर फुटलेल्या डब्यातील तेल, तसेच उगमाविषयी खात्री नसलेले सुटे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. हंगामासाठी दूर जाणाऱ्या वाहनाबरोबर त्याच तेलाचा एक बंद डबा ठेवल्यास मिश्रणाचा प्रसंग बहुधा येतच नाही; पूर्वीचा गाडीवान वंगणाचा नळा गाडीलाच टांगून निघत असे, त्यातील दक्षता हीच होती.